एकच जॉब टेम्पलेट, बारा शाखा: एडब्ल्यूएक्समध्ये पुन्हा पुन्हा वापरता येणारी टेम्पलेट्स कशी बांधावीत

बेळगावात मुख्य कार्यालय आणि निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, अथणी अशा गावांत शाखा, ही आपल्या सीमाभागातल्या पतसंस्थांची आणि शिक्षण संस्थांची नेहमीची मांडणी. शाखांचे सर्व्हर सांभाळायला माणसं मात्र एक किंवा दोन. अशा ठिकाणी अ‍ॅन्सिबल, म्हणजे अनेक सर्व्हरवर तेच काम आपोआप करून घेणारी प्रणाली, आणि त्याचा वेब पडदा असलेलं एडब्ल्यूएक्स फार उपयोगी पडतं. पण नवीन माणूस पहिल्याच महिन्यात एक चूक करतो. ‘अपडेट निपाणी’, ‘अपडेट चिकोडी’, ‘अपडेट खानापूर’ अशी शाखागणिक टेम्पलेट्स, म्हणजे काम चालवण्याचे साठवलेले साचे, तयार करतो. वर्षभरात त्यांची संख्या साठ-सत्तरवर जाते, एका ठिकाणी केलेली दुरुस्ती बाकीच्यांत राहून जाते आणि कोणतं टेम्पलेट खरं हे कुणालाच सांगता येत नाही. एका कामाला एकच टेम्पलेट असावं आणि शाखा चालवताना निवडावी. हे कसं साधायचं, ते पायरीपायरीने पाहू.

आधी थोडी ओळख. अ‍ॅन्सिबल २०१२ मध्ये आलं, २०१५ मध्ये रेड हॅटने ते विकत घेतलं आणि २०१७ मध्ये एडब्ल्यूएक्स मुक्त स्रोत म्हणून खुलं झालं. त्याच घराण्यातल्या पैसे भरून मिळणाऱ्या उत्पादनाला पूर्वी टॉवर म्हणत, आता ऑटोमेशन कंट्रोलर म्हणतात. जॉब टेम्पलेटची कल्पना दोन्हीकडे एकच आहे. इथली माहिती जुलै २०२४ मध्ये आलेली एडब्ल्यूएक्सची २४.६.१ ही आवृत्ती समोर ठेवून दिली आहे. पडद्यावरची नावं आणि व्हेरिएबल्स इथे देवनागरीत आहेत. प्रत्यक्षात व्हेरिएबलचं नाव रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यातच बसवावं लागतं. नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षर चालत नाही.

पायरी १: चार भाग आधी तयार हवेत

जॉब टेम्पलेट स्वतः काही करत नाही. कोणती यंत्रं, कोणतं प्लेबुक (कामाच्या पायऱ्यांची फाइल), कोणाच्या ओळखीने आणि कोणत्या कंटेनरमध्ये, या चार उत्तरांची ती जुळणी असते. म्हणून इन्व्हेंटरी (यंत्रांची यादी), प्रोजेक्ट (प्लेबुकची जागा), क्रेडेन्शियल (सर्व्हरवर शिरायची ओळख) आणि एक्झिक्युशन एन्व्हायर्न्मेंट (काम ज्यात चालतं तो कंटेनर) आधी तयार करा. ज्या खात्याने टेम्पलेट बनवायचं, त्याला इन्व्हेंटरी, प्रोजेक्ट आणि क्रेडेन्शियलवर निदान ‘यूज’ हा अधिकार हवा. तो नसला तर संबंधित चौकटीत ती नावं दिसतच नाहीत आणि माणूस उगाच शोधत बसतो.

इन्व्हेंटरीत शाखागणिक एक गट करा आणि गटांच्या नावांचं स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवून एका कागदावर लिहा. आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, पण जुन्या यंत्रांची नावं, ईमेल आणि कागदपत्रं अजून जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आहेत. निपाणीत कुणी एक ‘पी’ लिहितं, कुणी दोन. संगणकाच्या लेखी हे वेगवेगळे गट आहेत. सगळी अक्षरं लहान लिपीतली ठेवा आणि मध्ये हायफन नको, अंडरस्कोर घाला. गटाच्या नावात हायफन असला की अ‍ॅन्सिबल दरवेळी इशारा छापतं.

प्रोजेक्ट म्हणजे गिटचं भांडार, जिथे फाइल्सच्या सगळ्या आवृत्त्या जपल्या जातात. भांडारात टाकलेलं प्लेबुक टेम्पलेटच्या यादीत दिसत नसेल तर तीन गोष्टी पाहा. प्रोजेक्ट सिंक झाला आहे का, म्हणजे एडब्ल्यूएक्सने भांडारातली ताजी प्रत घेतली आहे का? फाइलचं शेपूट यॅमलचं (प्लेबुक ज्या मजकूर-स्वरूपात लिहितात त्याचं) आहे का आणि आत ‘होस्ट्स’ ही ओळ आहे का? फाइल ‘रोल्स’ किंवा ‘टास्क्स’ नावाच्या फोल्डरात तर नाही ना? या फोल्डरांतल्या फाइल्स यादीत घेतल्या जात नाहीत.

जास्तीचे कलेक्शन्स, म्हणजे मॉड्यूलचे (एकेक काम करणाऱ्या तयार तुकड्यांचे) संच, लागत असतील तर त्यांची यादी भांडारातल्या ‘कलेक्शन्स’ फोल्डरात रिक्वायरमेंट्सच्या यॅमल फाइलमध्ये द्या. प्रोजेक्ट सिंक होताना ते उतरवले जातात. एडब्ल्यूएक्समध्ये नवीन ऑर्गनायझेशन (वापरकर्ते आणि साधनं एकत्र ठेवणारा कप्पा) बनवली असेल तर तिला गॅलेक्सीचं, म्हणजे कलेक्शन्सच्या ऑनलाइन भांडाराचं, क्रेडेन्शियल जोडा. ते राहिलं तर कलेक्शन्स उतरत नाहीत आणि पुढे काम चालवताना मॉड्यूल सापडत नाही अशी तक्रार येते. नवशिका मग प्लेबुकमध्ये चूक शोधत राहतो.

पायरी २: प्लेबुक पुन्हा वापरण्याजोगं लिहा

उदाहरण म्हणून प्रत्येक शाखेतल्या उबुंटू सर्व्हरवर अपडेट चढवायचं काम घेऊ. प्लेबुकमध्ये शाखेचं नाव कुठेही थेट लिहू नका. ‘होस्ट्स’च्या ओळीत दुहेरी महिरपी कंसात ‘शाखा_गट’ हे व्हेरिएबल ठेवा. त्याला डीफॉल्ट देऊ नका. व्हेरिएबल मिळालं नाही तर काम तिथेच चुकीसह थांबलं पाहिजे. डीफॉल्ट म्हणून ‘ऑल’ लिहिणारे एखाद्या दिवशी भर दुपारी सगळ्या शाखांवर अपडेट सोडून बसतात.

शाखागणिक बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे बॅकअपचा मार्ग, प्रॉक्सीचा पत्ता, प्रिंटरचं नाव, इन्व्हेंटरीत त्या त्या गटाच्या व्हेरिएबल्समध्ये ठेवा. टेम्पलेटच्या ‘एक्स्ट्रा व्हेरिएबल्स’ चौकटीत त्या घालण्याचा मोह टाळा. अ‍ॅन्सिबलमध्ये एक्स्ट्रा व्हेरिएबल्सचा क्रम सगळ्यांच्या वर असतो. निपाणीच्या गटात बॅकअपचा मार्ग वेगळा लिहिला असेल आणि टेम्पलेटमध्ये त्याच नावाचं व्हेरिएबल असेल, तर निपाणीलाही टेम्पलेटचाच मार्ग लागतो. चुकीचा संदेश येत नाही, काम हिरवं दिसतं आणि बॅकअप भलतीकडे पडतो. पुन्हा वापरायची टेम्पलेट्स बिघडण्याचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात उशिरा लक्षात येणारं कारण आहे. नियम सोपा ठेवा: शाखेचं ते इन्व्हेंटरीत, सगळ्यांना सारखं ते प्लेबुकमध्ये, आणि त्या वेळी माणसाने ठरवायचं तेवढंच टेम्पलेटमध्ये.

बारा शाखा एकदम हलवू नका. एका टप्प्यात किती सर्व्हर घ्यायचे हे सांगणाऱ्या प्लेबुकमधल्या ‘सीरियल’ला १, ३ आणि १०० टक्के अशी यादी द्या. आधी एक सर्व्हर, मग तीन, मग उरलेले सगळे. एका टप्प्यातले सगळे सर्व्हर नापास झाले किंवा पोहोचलेच नाहीत तर अ‍ॅन्सिबल पुढचे टप्पे घेत नाही. पहिल्या टप्प्यात एकच सर्व्हर असल्याने हेच तुमचं कुलूप ठरतं. म्हणून क्रमात पहिला असा सर्व्हर ठेवा जिथे वीज आणि इंटरनेट भरवशाचं आहे. पावसाळ्यात खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी बाजूची शाखा पहिली ठेवली तर तिथे वीज गेली म्हणून बाकीच्या अकरा शाखाही अडतील.

पायरी ३: टेम्पलेटचा फॉर्म भरा

डावीकडच्या यादीतून ‘टेम्पलेट्स’, मग ‘अ‍ॅड’ आणि ‘अ‍ॅड जॉब टेम्पलेट’. नावात काम काय आणि कशावर एवढं यावं, जसं ‘उबुंटू सर्व्हर – सुरक्षा अपडेट’. शाखेचं, माणसाचं किंवा तारखेचं नाव नको. वर्णनात काय बदलतं, किती वेळ लागतो आणि सर्व्हर रीबूट होतो का, हे दोन ओळींत लिहा. रात्री नऊ वाजता हे टेम्पलेट चालवायला बसलेला सहकारी तेवढंच वाचणार आहे.

‘फोर्क्स’ची चौकट ० असली की अ‍ॅन्सिबलचा मूळ आकडा, म्हणजे ५, लागू होतो. एका वेळी पाच यंत्रांवर काम चालतं. बारा शाखांना तो पुरतो. ‘व्हर्बोसिटी’ रोजच्या कामाला ० ठेवा. बिघाड शोधताना ३ करा आणि शोध संपला की परत खाली आणा, कारण वरच्या पातळीवर नोंदींत नको ती माहितीही छापली जाऊ शकते.

‘टाइमआउट’ सेकंदांत असतो आणि ० म्हणजे मर्यादाच नाही. मर्यादा नसलेलं काम एखाद्या शाखेची जोडणी अर्धवट लटकली की तासन्‌तास अडकून राहतं. फार कमी मर्यादा त्याहून वाईट. अपडेट चालू असताना काम कापलं गेलं तर पॅकेज अर्धवट बसतात आणि त्या सर्व्हरवर जाऊन ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवावं लागतं. शाखांचं इंटरनेट हळू आहे हे धरून अपडेटच्या कामाला ७२०० सेकंद द्यावेत.

खालच्या पर्यायांत ‘प्रिव्हिलेज एस्कलेशन’, म्हणजे सर्व्हरवर प्रशासकाचा अधिकार घेणं, लागेल. ‘कन्करंट जॉब्स’ बंदच राहू द्या. ते बंद असताना तेच टेम्पलेट कुणी दुसऱ्यांदा चालवलं तर ते काम ‘पेंडिंग’ राहून पहिलं संपायची वाट पाहतं. एकाच सर्व्हरवर दोन अपडेट एकमेकांत घुसू नयेत म्हणून हेच हवं. वेबहुक आणि प्रोव्हिजनिंग कॉलबॅक सुरुवातीला हात न लावता सोडा.

एका टेम्पलेटला एका प्रकारचं एकच क्रेडेन्शियल जोडता येतं. अपवाद व्हॉल्टचा, म्हणजे गुपितं कुलूपबंद ठेवणाऱ्या अ‍ॅन्सिबलच्या सोयीचा. व्हॉल्ट आयडी वेगवेगळे असतील तर व्हॉल्टची अनेक क्रेडेन्शियल्स चालतात.

पायरी ४: काय छापील, काय कोरं

चौकटींशेजारी ‘प्रॉम्प्ट ऑन लाँच’ची खूण दिसते. ती केली की चालवताना ती चौकट विचारली जाते. चांगलं टेम्पलेट पतसंस्थेतल्या पैसे भरायच्या चलनासारखं असतं: संस्थेचं नाव छापलेलं, रक्कम कोरी. सगळंच कोरं ठेवलं तर चलन कशाला, आणि सगळंच छापलं तर प्रत्येकाला वेगळं चलन लागेल.

आमचं मत असं की अपडेटच्या टेम्पलेटमध्ये फक्त ‘जॉब टाइप’वर ही खूण करावी, म्हणजे तेच टेम्पलेट ‘चेक’ (बदल न करता चाचणी) आणि ‘रन’ (प्रत्यक्ष काम) दोन्ही प्रकारे चालवता येतं. इन्व्हेंटरी, प्लेबुक आणि क्रेडेन्शियल पक्के ठेवा. ‘लिमिट’ (काम कोणत्या यंत्रांपुरतं चालवायचं ती चौकट) उघडं ठेवणं अनेकांना सोयीचं वाटतं, पण तिथे हाताने नाव टाइप करावं लागतं आणि स्पेलिंगची अडचण परत समोर येते. इन्व्हेंटरीत नसलेलं नाव टाकलं तर काम चुकीसह थांबतं, ते बरं. पण नाव इन्व्हेंटरीत आहे आणि या प्लेबुकच्या गटात नाही, अशी गाठ पडली तर ‘नो होस्ट्स मॅच्ड’ असं छापून काम यशस्वी म्हणून संपतं. हिरवा रंग दिसतो आणि कुठेच काही झालेलं नसतं.

‘एक्स्ट्रा व्हेरिएबल्स’वरची खूणही टाळा. ती नसताना दुसऱ्या प्रणालीने एपीआयमधून (प्रणालींनी एकमेकींशी बोलायच्या वाटेने) सर्व्हेबाहेरची, म्हणजे पुढच्या पायरीतल्या प्रश्नांत नसलेली, व्हेरिएबल्स पाठवली तर ती दुर्लक्षित होतात. काम सुरू होतं, उत्तरात मात्र ‘इग्नोर्ड फील्ड्स’मध्ये त्यांची नोंद येते. पाठवलेलं मूल्य पोहोचत नाही अशी तक्रार आली की आधी तिथे पाहा.

पायरी ५: सर्व्हे

शाखा निवडण्याची खरी जागा ही. टेम्पलेट जतन केल्यावर ‘सर्व्हे’ टॅबमध्ये जाऊन प्रश्न घाला आणि वरचं बटण चालू करा. प्रश्न घालून बटण बंद राहिलं तर चालवताना काहीच विचारलं जात नाही.

पहिला प्रश्न ‘शाखा कोणती?’. प्रकार एक-निवड, व्हेरिएबल ‘शाखा_गट’, आणि पर्यायांत इन्व्हेंटरीतली गटांची नावं जशीच्या तशी. प्रश्नाचा मजकूर मात्र कोणत्याही लिपीत चालतो. तो मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा. अथणी किंवा गोकाक शाखेतल्या सहकाऱ्याला कन्नड सोयीचं असतं, खानापूरच्याला मराठी. ही छोटी सोय चुका खरोखर कमी करते.

दुसरा प्रश्न ‘गरज असल्यास रीबूट करायचा का?’. पर्याय ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’, मूळ उत्तर ‘फॉल्स’. सर्व्हेतून हे उत्तर मजकूर म्हणून येतं, खरं-खोटं या प्रकारात येत नाही. प्लेबुकच्या अटीत त्याला मजकुराचं खरं-खोट्यात रूपांतर करणारं ‘बूल’ फिल्टर लावा. तो विसरलात तर ‘फॉल्स’ निवडूनही सर्व्हर रीबूट होऊ शकतो. रीबूटची गरज आहे का, हे उबुंटूवर ‘व्हार’ खालच्या ‘रन’ फोल्डरात ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल आहे का यावरून कळतं.

ऐच्छिक मजकूर-प्रश्न असेल तर किमान लांबी नीट ठरवा. किमान लांबी ० असताना उत्तर कोरं ठेवलं तर व्हेरिएबल रिकाम्या मजकुरासह प्लेबुकपर्यंत जातं आणि प्लेबुकमधलं साधं ‘डीफॉल्ट’ फिल्टर लागू होत नाही, कारण व्हेरिएबल अस्तित्वात असतं. किमान लांबी १ केली की कोरं उत्तर पाठवलंच जात नाही आणि डीफॉल्ट लागतं.

पासवर्ड विचारायचा असेल तर प्रश्नाचा प्रकार पासवर्डच ठेवा. त्याने पडद्यावर आणि साठवणीत तो झाकला जातो. प्लेबुकमधल्या टास्कने (एखाद्या पायरीने) तो छापला तर मात्र तो नोंदींत उघडा दिसतो, म्हणून त्या टास्कला ‘नो_लॉग’ लावा.

पायरी ६: पहिल्यांदा चालवताना

आधी एक शाखा, ‘चेक’ प्रकारात. ‘शो चेंजेस’ चालू ठेवा. ‘चेक’मध्ये ‘कमांड’ आणि ‘शेल’ मॉड्यूल वगळली जातात, त्यामुळे त्यांच्या निकालावर अवलंबून असलेला पुढचा टास्क कोसळू शकतो. फक्त माहिती वाचणाऱ्या अशा टास्कवर ‘चेक_मोड: फॉल्स’ लिहिलं की अडचण सुटते. मग तीच शाखा ‘रन’मध्ये, आणि नंतर सर्व शाखांचा गट.

काम संपलं की नुसता रंग पाहू नका. शेवटच्या ‘प्ले रीकॅप’मध्ये किती यंत्रांची नावं आली ते मोजा. बारा हवी असताना अकरा असतील तर बारावी कुठे गेली ते आजच शोधा.

अपडेटच्या कामात वारंवार दिसणारे बिघाड तीन. सर्व्हर ‘अनरीचेबल’: वीज, इंटरनेट किंवा एसएसएचचं पोर्ट २२ तपासा. कुलूप मिळत नाही अशी एपीटीची (उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाची) तक्रार: उबुंटूचे आपोआपचे अपडेट त्याच वेळी चालू असतात. ‘एपीटी’ मॉड्यूल मुळात ६० सेकंद थांबतं, ‘लॉक_टाइमआउट’ वाढवून ६०० केलं की बहुतेक वेळा निभावतं. आणि ‘बूट’ विभाजन भरलेलं: जुने कर्नल (प्रणालीच्या गाभ्याच्या आवृत्त्या) साचलेले असतात, ‘ऑटोरिमूव्ह’चा टास्क प्लेबुकमध्ये आधीच ठेवा.

दोन शाखा नापास झाल्या तर ‘रीलाँच’मधला फक्त नापास यंत्रांचा पर्याय वापरा. पण मध्ये टेम्पलेटमध्ये दुरुस्ती केली असेल तर रीलाँच उपयोगाचं नाही. ते जुन्या कामाचीच मूल्यं घेऊन चालतं. अशा वेळी टेम्पलेटवरून नव्याने ‘लाँच’ करा. दुरुस्ती केली तरी तीच चूक येते, असं ज्यांना वाटतं त्यांच्यातले बरेच जण इथे अडकलेले असतात.

अधिकार आणि वेळापत्रक

शाखा पाहणाऱ्या सहकाऱ्यांचा एक टीम गट करा आणि त्याला टेम्पलेटवर फक्त ‘एक्झिक्युट’ द्या. त्यांना क्रेडेन्शियल वेगळं द्यावं लागत नाही. सर्व्हरचा पासवर्ड किंवा किल्ली हातात न देता काम करू देणं हाच या सगळ्या मांडणीचा मोठा फायदा आहे. ‘अ‍ॅडमिन’ दोघांकडे असावा, एकाकडे नको.

वेळापत्रकात टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ आहे याची खात्री करा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिलं आणि पहाटे ५ ची वेळ दिली, तर काम आपल्या घड्याळाने सकाळी १०:३० ला, काउंटरवर गर्दी असताना सुरू होतं. सुट्टीच्या दिवशी काम ठेवायचं तर महिन्यातला दुसरा किंवा चौथा शनिवार असा नियम वेळापत्रकात थेट देता येतो. तुमची संस्था त्या दिवशी बंद असते का, ते आधी विचारा. क्रेडेन्शियल पासवर्ड चालवताना विचारणारं असेल तर ते काम वेळापत्रकावर चालणार नाही, एसएसएच किल्ली वापरा. सर्व्हेचे प्रश्न बदलले की त्या टेम्पलेटची वेळापत्रकं एकेक उघडून उत्तरं पुन्हा पाहा. नापास झाल्याचा निरोप ‘नोटिफिकेशन्स’मधून सुरू ठेवा. प्रत्येक यशाचा निरोप ठेवलात तर आठवड्याभरात कुणी ते ईमेल उघडत नाही.

प्रत काढणं, साफसफाई

वेगळ्या कामासाठी, उदाहरणार्थ बॅकअपसाठी, अपडेटच्या टेम्पलेटची प्रत काढता येते. प्रतीच्या नावापुढे वेळ चिकटते, ते नाव लगेच बदला. प्रतीबरोबर वेळापत्रकं, नोटिफिकेशन्स आणि अधिकार येत नाहीत, ते पुन्हा द्यावे लागतात. प्रत काढणाऱ्याला मात्र नव्या टेम्पलेटवर ‘अ‍ॅडमिन’ मिळतो. शाखा वेगळी आहे एवढ्याच कारणासाठी प्रत काढत असाल तर थांबा आणि सर्व्हेत एक पर्याय वाढवा.

जुनी शाखावार टेम्पलेट्स काढून टाकण्याआधी ती कोणत्या वर्कफ्लोमध्ये (टेम्पलेट्सच्या साखळीत) वापरली आहेत ते पाहा. टेम्पलेट पुसलं की वर्कफ्लोमधली ती गाठ रिकामी राहते. आधी वर्कफ्लोमध्ये नवं टेम्पलेट बसवा, सर्व्हेचं उत्तर तिथेच भरा, वर्कफ्लो एकदा चालवून पाहा. जुन्या टेम्पलेटचं वेळापत्रक बंद करून एक महिना तसंच ठेवा. त्या महिन्यात कुणाचं काम अडलं नाही तर मग पुसा.

टेम्पलेट्स दहाच्या वर गेली की त्यांची व्याख्याही गिटमध्ये ठेवायला लागा. ‘एडब्ल्यूएक्स’ नावाच्या कलेक्शनमधलं ‘जॉब_टेम्पलेट’ मॉड्यूल यॅमलमधून टेम्पलेट तयार करतं आणि दुरुस्तही करतं. सर्व्हेची व्याख्याही त्यातच देता येते. बेळगावातला मुख्य सर्व्हर उद्या बंद पडला तर नव्या यंत्रावर सगळी टेम्पलेट्स एका प्लेबुकने उभी राहतात. क्रेडेन्शियलमधली गुपितं तेवढी व्हॉल्टमध्ये बंद करून वेगळी जपा, ती साध्या मजकुरात भांडारात जाऊ देऊ नका.